सहा दिवसांची शील्ड

हॉकीच्या एका सामन्याआधी माझ्या हाऊसमधला नववीचा कॅडेट बूट बांधता बांधता मला म्हणाला, "सर, आज जिंकलो तरी आपण चौथेच ना?" मी गणिताचा शिक्षक. मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प बसलो, कारण त्याचं उत्तर बरोबर होतं. नोव्हेंबर संपायच्या आतच गुणतक्त्यात आम्ही इतके मागे पडलो होतो, की पुढचे सगळे सामने जिंकूनही चौथा नंबर सुटणार नव्हता. त्या दिवशी मुलं खेळली, आळस केला नाही, पण जिंकण्यासाठी खेळली नाहीत. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की हा फरक लगेच कळतो. मला राग आला, पण मुलांचा नाही.

त्या रात्री मला नेपियर आठवलं.

२०१३ सालची गोष्ट. माझं बी.एड. नुकतंच झालं होतं, नोकरी लागायची होती. थोरली ताई न्यूझीलंडमध्ये हॉक्स बे भागातल्या हेस्टिंग्जला राहते. तिच्या बाळंतपणासाठी आईला सोडायला मी गेलो आणि दोन महिने राहिलो. रग्बीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. दाजींनी पहिल्याच शनिवारी टीव्हीसमोर बसवलं. पंधरा-पंधरा जण, ऐंशी मिनिटं, चेंडू हातानं द्यायचा तो फक्त मागे किंवा बाजूला, आणि स्वतः मात्र पुढेच घुसायचं. सातारकडच्या जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

तिथे प्रांतांची मोठी स्पर्धा असते, चौदा संघांची. शनिवार-रविवारी टीव्हीवर एक सामना संपला की दुसरा सुरू. टारानाकीचे पिवळे-काळे पट्टे, वायकाटोच्या लोकांच्या हातातल्या गाईच्या घंटा, आणि आमच्या हॉक्स बेचे काळे-पांढरे पट्टे. (आठवडाभरात मीही 'आमचे' म्हणायला लागलो होतो. आई हसायची.) देशाच्या संघातले नामांकित खेळाडू या सामन्यांत क्वचित दिसतात आणि एरवी गर्दीही बेताचीच असते. पण त्या सगळ्या सामन्यांत एखादा सामना वेगळा असतो. त्यात रॅनफर्ली शील्ड पणाला लागलेली असते.

ही शील्ड म्हणजे लाकडाची एक ढाल. लोक तिला प्रेमानं 'लाकडाचा ओंडका' म्हणतात. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रॅनफर्ली यांनी ती दिली, आणि १९०२ मध्ये पहिल्यांदा ती ऑकलंडला मिळाली. गंमत अशी, की इंग्लंडहून ढाल आली तेव्हा तिच्यावर चित्र होतं फुटबॉलचं! मग त्यात फेरफार करून ती रग्बीची केली. आपल्याकडेच असले घोळ होतात असं नाही.

तिचा नियम मात्र एकदम सरळ आहे. ती गुणांवर मिळत नाही. ज्याच्याकडे ती आहे, त्याच्या मैदानावर जाऊन त्याला हरवायचं आणि घेऊन यायची. बरोबरी झाली तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहते. हंगाम संपला तरी पुढच्या वर्षीपर्यंत त्याच्याकडेच. म्हणजे किल्ल्यासारखं आहे. किल्लेदारानं दर वेळी तो राखायचा, आणि चढाई करणाऱ्याला एकच दिवस पुरतो.

मी तिथे असताना या ढालीनं कमाल केली. ऑगस्टच्या अखेरीस ओटागोनं ती वायकाटोकडून २६-१९ अशी जिंकली, १९५७ नंतर पहिल्यांदाच. रविवारी, १ सप्टेंबरला, हॉक्स बेचा संघ डनीडनला गेला आणि त्यानं ओटागोला २०-१९ असं एका गुणानं हरवलं. हॉक्स बेकडे ती १९६९ नंतर आली नव्हती. चव्वेचाळीस वर्षं! ताईचा शेजारी, मेंढ्यांची लोकर कातरण्यात आयुष्य गेलेला म्हातारा, १९६९ साली विशीत होता. सामना संपल्यावर तो आमच्या दारात आला, काही बोलला नाही, दाजींचा हात धरून नुसता उभा राहिला. आईला वाटलं त्यांच्या घरात काहीतरी वाईट झालं.

पुढच्या शनिवारी नेपियरच्या मॅक्लीन पार्कवर काउंटीज मानुकाऊ आव्हान द्यायला आले. त्या संघानं ही शील्ड कधीच जिंकली नव्हती. म्हाताऱ्यानं आमचीही तिकिटं काढली होती. हॉक्स बेची लोकवस्ती जेमतेम दीड लाख, आणि त्या दिवशी भेटेल तो माणूस सामन्याबद्दलच बोलत होता. आम्ही हरलो, २४-२७. पंधरवड्यात ढाल तिसऱ्यांदा हलली. आमच्याकडे ती फक्त सहा दिवस राहिली.

माझ्या घशात आवंढा आला होता. म्हातारा उभा राहिला आणि काउंटीजच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायला लागला. परतताना गाडीत म्हणाला, "सहा दिवस. पण होती ना." मग हसून म्हणाला, पुढच्या वेळी चव्वेचाळीस वर्षं थांबायला त्याला जमणार नाही.

हे सगळं मी आमच्या पी.टी.च्या उस्तादांना सांगितलं आणि म्हटलं, आपल्या हाऊस सामन्यांनाही अशी एक शील्ड हवी. त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की फौजेला सातत्य लागतं. वर्षभर घाम गाळून जो पहिला येतो तोच खरा, एका दिवसाच्या नशिबाचं कौतुक कशाला? त्यांनी हेही दाखवून दिलं, की एखादं हाऊस फारच तगडं निघालं तर ढाल त्याच्याकडेच पडून राहील. खरं आहे. ऑकलंडनं १९८५ ते १९९३ मध्ये सलग ६१ वेळा ती राखली. तेवढी वर्षं बाकीच्यांनी काय पाहायचं?

त्यांचा मान राखूनही मला वाटतं, की इथे ते चुकतात. गुणतक्ता सरासरी मोजतो आणि सरासरीला मागचं सगळं लक्षात असतं. जूनमध्ये हरलेला सामना डिसेंबरातही तुमच्या मानेवर बसलेला असतो. ढालीला मागचं काही आठवत नाही. ऑकलंडच्या त्या ६१ सामन्यांनंतर वायकाटोनं त्यांच्याच मैदानावर त्यांना १७-६ असं हरवलं, तेव्हा आधीचे एकसष्ट कोणी वजा केले नाहीत. साउथलंड हा देशाच्या अगदी दक्षिण टोकाचा प्रांत. त्यांनी पन्नास वर्षं वाट पाहिली आणि २००९ मध्ये कँटरबरीला ९-३ असं हरवून ढाल घरी नेली. नऊ-तीन! एकही देखणा क्षण नसेल, नुसती अडवाअडवी. पण पन्नास वर्षं दर आव्हानाला तिथली पोरं 'आज मिळू शकते' असं समजूनच मैदानात उतरली असणार. सातत्य यालाही म्हणतात, असं मी उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

आणि सातत्याचं बक्षीस कोणी काढून घ्या म्हणत नाही. न्यूझीलंडमध्येही स्पर्धेचे गुण आहेतच, शिवाय शील्ड आहे. ढाल ज्याच्याकडे, त्याचा घरच्या मैदानावरचा ठरलेला सामना दोन्हींसाठी धरतात. आपल्याकडे तर जादा एक तासही लागणार नाही, अभ्यासाची वेळ जाणार नाही, मेसचं वेळापत्रक हलणार नाही. चार हाऊसचे सामने आहेत तसेच राहतील. फक्त ढाल असलेलं हाऊस खेळेल तेव्हा ती मैदानाच्या कडेला टेबलावर ठेवायची. घरच्या मैदानाचा नियम मला तसाही फारसा आवडत नाही, आणि आपलं मैदान सगळ्यांचं एकच आहे.

पालकांना एक सांगायचं आहे. सुट्टीत मुलगा घरी आला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कितवा नंबर?" मीही विचारतो. चौथ्या हाऊसमधल्या मुलाला या प्रश्नाचं उत्तर सप्टेंबरातच कळलेलं असतं, आणि पुढचे सहा महिने तो तेच उत्तर घेऊन मैदानावर जातो.

सुतारकामाच्या वर्गात सागाची एक फळी पडून आहे. मागितली तर मिळेल असं कळलं आहे. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. उस्तादांनी त्यावर सही केली नाही, पण ढाल केवढी असावी याचं माप मात्र स्वतः कागदावर काढून दिलं. बूट बांधणाऱ्या त्या कॅडेटला ही बातमी कुठूनतरी लागली. काल रोल-कॉलनंतर थांबला आणि विचारलं, "सर, पहिल्यांदा ती कोणाकडे असणार?"

मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे.

"आणि त्यांच्याशी आपली मॅच कधी?"