आधी विचारा, मग आसन

२०१५ पासून दर २१ जूनला योगदिन साजरा होतो. मैदानावर बायकांना रांगेत बसवून आसनं करवून घेतात. आपल्या बचतगटांनाही बोलावणं येतं. फोटो छान निघतात. माझं म्हणणं त्या रांगेबद्दल आहे.

माझ्या कामात भेटणाऱ्या कितीतरी बायकांना अंग बाहेर येण्याचा त्रास असतो. रांगेत हुकूम येतो, "श्वास रोखा, पाय उचला." ती उचलते. ओटीपोटावर दाब येऊन त्रास वाढतो, पण चारचौघींत सांगणार कशी? रक्तदाब वाढलेली दुसरी सर्वांगासन करते, कारण शेजारीण करते. एकटीला शिकवताना शिक्षिका आधी विचारू शकते : बाळंतपणं किती, शस्त्रक्रिया झाली का, झोप लागते का? मार खाल्लेल्या बाईला पाठीमागून अचानक लागलेला हात सोसत नाही. "हात लावू का?" असं विचारल्यावर तिला "नको" म्हणता येतं. घरी ही सोय तिला कधीच नव्हती.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, दोर, खुर्च्या वापरून आसन शरीराला जुळवून घेतलं. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पाळी, गरोदरपण ध्यानात घेऊन बायकांसाठी आसनांची मांडणी केली. म्हणजे विद्या इथलीच आहे, पण खासगी शिकवणी परवडते ती पैसेवालीला. (घरकाम करणारीची पाठ काय कमी दुखते?) म्हणून संघटनांनी आपल्या निधीतून पहिल्या तीन-चार भेटी तरी एकेकीसाठी ठेवाव्यात, पुढे गट आहेच. सतरंजी, उशी घरची चालते. दार लावता येईल अशी खोली मात्र लागते, आणि वस्तीत नेमकी तीच मिळत नाही.