सायकल उंचीवर, कंबर ताठ

पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले, की जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीकडे घरातल्यांचे लक्ष जाते. चाकांतील हवा गेलेली असते, साखळी तांबूस झालेली असते. दुकानात न्यायला कोणालाच सवड नसते आणि सायकल आणखी महिनाभर तिथेच राहते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच दिवस अर्धा अर्धा तास सायकल चालवली, तरी हा हिशेब पुरा होतो. वाचकहो, व्यायामाचे हे साधन चालू स्थितीत ठेवण्याची सोय आपल्याला घरीच करता येईल.

सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी करणे, किंवा तिच्याशेजारी उकिडवे बसणे, ही आपल्याकडील दुरुस्तीची रूढ रीत. पंक्चर काढण्यापुरती ती ठीक आहे; परंतु साखळी साफ करणे, ब्रेक जुळवणे या कामांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. ताठ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो बराच वाढतो, असे त्यांना आढळले. ज्यांना कंबरेचा किंवा गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी स्वतः खाली वाकण्याऐवजी सायकलच आपल्या उंचीला आणावी.

तयार स्टँड बाजारात मिळतो. त्याला खाली पसरणारे पाय आणि वर सायकल पकडणारा जबडा असतो. जागा कमी असेल, तर भिंतीवर बसवण्याचा प्रकार घ्यावा; मात्र तो भरीव विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतच घट्ट बसवावा, कारण नुसत्या गिलाव्यात अडकवलेला खिळा हे वजन पेलत नाही. ज्या घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत, तिथे दोन मजबूत दोर पुरतात. एक सीटखाली आणि दुसरा हँडलच्या मध्याशी बांधला, की सायकल अधांतरी राहते.

ज्या भागावर काम करायचे तो साधारण आपल्या कोपराच्या किंवा कंबरेच्या उंचीला यावा. जबड्यात सीटखालची दांडी पकडावी आणि मध्ये जुने सुती कापड गुंडाळावे. फ्रेमची पातळ नळी आवळली तर ती चेपते. त्यासाठी सीट वर घ्यावी लागली, तर आधीच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. जुन्या घडणीची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ती चढवताना गुडघे वाकवून, सायकल अंगाजवळ धरून उचलावी. शक्य तर दोघांनी उचलावी.

स्टँडवर चढवलेल्या सायकलीची तपासणी सोपी होते. चाक हाताने फिरवून रिम डुलते का, ते पाहावे. ब्रेकशूवरील खाचा झिजून सपाट झाल्या असतील, तर ते बदलावेत. ब्रेक पूर्ण दाबल्यावर त्याची दांडी हँडलच्या मुठीला टेकू नये. मुले उताराच्या रस्त्याने शाळेला जात असतील, तर ही तपासणी कधीही टाळू नये. साखळीतील एक पिन धरून तिच्या पुढील चोविसाव्या पिनेपर्यंतचे अंतर मोजावे. नव्या साखळीत ते बरोबर १२ इंच असते. ते १/१६ इंचाने वाढले, की साखळी बदलावी. नाहीतर दातेरी चक्रेही झिजतात. तेल साखळीवरच घालावे. रिमवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही पडू देऊ नये.

मुलांना या कामात अवश्य सामील करून घ्यावे, पण दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिले पथ्य बोटांचे. पॅडल फिरत असताना साखळी, दातेरी चक्र, चाकाच्या तारा आणि डिस्क यांपासून सर्वांचे हात दूर असावेत. फिरवणाऱ्याने आधी मोठ्याने सांगावे, मगच पॅडलला हात लावावा.

दुसरे पथ्य रॉकेलचे. साखळी धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरत असाल, तर ते स्वयंपाकघरापासून दूर, मोकळ्या हवेत वापरावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नये. लहान मूल पाणी समजून ते पिते, आणि घोटभर रॉकेलही श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसांना गंभीर सूज येते. असे घडल्यास मुलाला उलटी करवू नये. उलटीबरोबर रॉकेल पुन्हा फुफ्फुसांत उतरण्याचा धोका असतो. तत्काळ रुग्णालय गाठावे. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

एवढी व्यवस्था एकदा लागली, की दर पंधरवड्याला पाऊण तास पुरतो. हा अंक हाती येईल त्या रविवारी सकाळी घरातील एक सायकल स्टँडवर चढवा. टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा, ब्रेक तपासा, साखळी पुसून तेल द्या, आणि संध्याकाळी तीच सायकल घेऊन बाहेर पडा.