नक्कल म्हणून हिणवण्याआधी

एप्रिल 2025 मध्ये दिल्लीच्या ‘स्टार्टअप महाकुंभ’मध्ये केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी भारतीय नवउद्योजकांना खडे बोल सुनावले. चिनी कंपन्या विजेच्या मोटारी, चिप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर काम करत असताना आपण घरपोच जेवणाच्या ॲपवर समाधान मानणार का, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत हे मत त्याआधीपासून रुजलेले आहे: कल्पना उसनी, पैसा परदेशी आणि धंदा तोट्याचा. मला हे मत चुकीचे वाटते, आणि अपायकारकही.

आधी चीनचाच दाखला तपासू. अलीबाबा 1999 मध्ये हांगझोऊत सुरू झाली ती माल विकणारे आणि घेणारे यांची गाठ घालून देण्यासाठी. अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे द्यायला गिऱ्हाईक कचरत असे, म्हणून अलीपे आले. माल हाती पडेपर्यंत रक्कम मध्यस्थाकडे राहू लागली. व्यापाराचा पसारा पेलण्यासाठी 2009 मध्ये कंपनीने स्वतःची क्लाउड सेवा उभारली. आणि मेइतुआन? ही तर चीनमधली घरपोच जेवणाची सर्वांत मोठी कंपनी. तिचे संस्थापक वांग शिंग यांनी 2019 मध्ये ली ऑटो या मोटार कंपनीत मोठी गुंतवणूक केली. ज्या विजेच्या मोटारी दाखवून आपण जेवण पोहोचवणाऱ्यांना हिणवतो, त्यांच्यात जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाचाही पैसा आहे.

आता नकलेचा आरोप. फ्लिपकार्टने 2007 मध्ये बंगळुरूत पुस्तके विकायला सुरुवात केली तेव्हा ॲमेझॉनचा कित्ता समोर होता, हे खरेच. पण अमेरिकेत क्रेडिट कार्ड, नेमके पत्ते आणि भरवशाचे कुरिअर आयते होते. इथे बहुतेकांकडे कार्ड नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना न पाहिलेल्या दुकानाला कार्डाचा नंबर द्यायची भीती वाटे. 2010 मध्ये फ्लिपकार्टने माल हातात आल्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली. ऐकायला साधी गोष्ट, पण तिने सगळा हिशेबच बदलला. पार्सल आणणारा माणूस आता रोकड मोजून घेणार आणि संध्याकाळी भरणा करणार. गिऱ्हाइकाने दारातूनच माल परत पाठवला तर जाण्यायेण्याचा खर्च कंपनीच्या माथी. पत्ता म्हणजे ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ’. हे सांभाळायला कंपनीला स्वतःची वाहतूक यंत्रणा उभारावी लागली. कित्ता परक्याचा असेल, अक्षर मात्र इथलेच आहे.

रेडबसला तर कित्ताही नव्हता. दिवाळीत बंगळुरूहून घरी जायला फणींद्र सामा यांना खासगी बसचे तिकीट मिळाले नाही. कारण शोधताना दिसले की प्रत्येक एजंटाकडे ठरावीक जागा असतात आणि अख्ख्या गाडीचा हिशेब एका ठिकाणी कुणालाच दिसत नाही. 2006 मध्ये त्यांनी सोबत्यांसह तो हिशेब एका पडद्यावर आणला. पुण्याहून ट्रॅव्हल्सने गावी जाणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पैशाबद्दल थोडक्यात. शेअर दलालीतली झिरोधा 2010 मध्ये बाहेरच्या गुंतवणुकीवाचून सुरू झाली आणि नफ्यात चालते. उलट, एके काळी 22 अब्ज डॉलर मूल्य लावलेली ऑनलाइन शिकवणीची बायजूज 2024 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. तिचे समर्थन मी करणार नाही; मूल्यांकनाचे ढोल वाजवणाऱ्यांनी या क्षेत्राचे टीकाकारांइतकेच नुकसान केले आहे.

मूलभूत संशोधनाची तळमळ मलाही आहे. पण भारताचा संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्क्यांच्या आसपास अडलेला आहे आणि चीनचा 2.4 टक्क्यांच्या वर गेलेला आहे. ही तूट सरकारची आणि आपल्या जुन्या, गडगंज उद्योगसमूहांची आहे. सरकारने मनावर घेतले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. राष्ट्रीय देयक महामंडळाने 2016 मध्ये यूपीआय आणले, फोनपेसारख्या नव्या कंपन्यांनी ते भाजीच्या गाडीपर्यंत नेले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या 2000 कोटींवर गेली. सार्वजनिक पाया आणि खासगी धडपड यांचा हा मेळ माझ्या मते कोणत्याही चिपइतकाच मोलाचा शोध आहे.

या कंपन्यांना एका गोष्टीचा जाब जरूर विचारावा, आणि तो नेमका कुणी विचारत नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार होते. भर पावसात दुचाकीवरून पार्सल नेणारा यांपैकीच एक. तो ‘भागीदार’ म्हणवला जातो, पण दर ठरवताना त्याला विचारले जात नाही आणि हाड मोडले तर त्या दिवसांची कमाई बुडते. त्याचे काम क्षुद्र नाही. त्याच्या कामाच्या अटी अन्यायाच्या आहेत. त्याच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद असलेली सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने 2020 मध्ये मंजूर केली. ती लागू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडला. या पाच वर्षांच्या दिरंगाईला सरकारच जबाबदार आहे.