नियत साफ आहे, पण जबाबदार कोण?

आमच्या मोहल्ल्यात मुलींसाठी अभ्यासिका बांधायचं ठरलं तेव्हा मीटिंगला बारा जण होते. पहिल्याच जुम्याला चंदा चांगला जमला. दुआ झाली, जेवण झालं, फोटो निघाले. या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. स्लॅब पडला आहे, जिना नाही. विजेचे पाइप स्लॅब टाकण्याआधी टाकायचे असतात, ते राहून गेले. नकाशाच्या मंजुरीचा अर्ज दुसऱ्याने केला असेल असं प्रत्येकाला वाटत होतं, म्हणून तो कुणीच केला नाही. आणि अभ्यासिका मुलींची, पण नकाशात स्वच्छतागृहच नव्हतं. त्या बारा जणांत एकही बाई नव्हती, मग ते सुचणार कुणाला? तेव्हा दहावीत असलेल्या मुलींसाठी हे सगळं चाललं होतं. त्यांतल्या दोघींची आता लग्नंही झाली.

मी मीटिंगमध्ये विचारलं, ‘‘हे काम नेमकं कुणाकडे होतं?’’ उत्तर आलं, ‘‘सर, सगळ्यांची नियत साफ आहे.’’

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. नियत साफ असेलही, मला त्यावर शंका नाही. पण प्रश्न नियतीचा नव्हताच. मी विचारलं होतं ‘कुणाकडे’, आणि उत्तर मिळालं ‘सगळे’. जे काम सगळ्यांकडे असतं ते कुणाकडेच नसतं.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा शब्द काढला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक, ही कंपनीवाल्यांची थेरं आहेत. दोन, अल्लाहचं काम आहे, अल्लाह पूर्ण करील. दुसरं बोलणाऱ्यांना उंट बांधण्याची हदीस पाठ असते. तकरीरीत ते ती स्वतःच सांगतात आणि खाली उतरून उंट मोकळा सोडतात.

मुळात या विषयात अवघड असं काही नाही. ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी हातात काहीतरी ठरलेलं पडायचं आहे, ते प्रोजेक्ट. मदरसा रोज चालवणं हे प्रोजेक्ट नाही, ते नित्याचं काम. मदरशाची इमारत बांधणं हे प्रोजेक्ट. आपण दोन्ही एकाच कमिटीच्या गळ्यात बांधतो. इमामसाहेबांचा पगार, वजूखान्याचा नळ आणि नवी इमारत, सगळं एकाच मीटिंगमध्ये. मग नळ दुरुस्त होतो, कारण त्याची तक्रार रोज येते. इमारत राहते.

प्रोजेक्ट हातात घेताना चार प्रश्न कागदावर उतरवायचे असतात. काय करायचं आणि काय करायचं नाही? किती दिवसांत? किती पैशांत? कोण करणार? पहिल्या तिघांची एकमेकांशी बांधिलकी असते. काम वाढवलं तर दिवस किंवा पैसे वाढणारच. आमच्या अभ्यासिकेवर मधेच एकाने शादीखान्याचा मजला सुचवला, सगळ्यांनी माशाल्लाह म्हटलं. बजेट मात्र होतं तेवढंच राहिलं.

पैशातही एक बारकावा आहे. जकातीची रक्कम बांधकामाला लावता येत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तो हक्क गरजू माणसांचा. म्हणजे डब्यात किती जमले एवढं पुरत नाही, त्यातले कोणते पैसे कुठे चालतात हे पहिल्याच दिवशी वेगळं लिहावं लागतं.

आता माणसं. स्पॉन्सर म्हणजे जो पैसा आणि अधिकार देतो आणि काम कशासाठी आहे हे ठरवतो. आपल्याकडे ही जागा ट्रस्टची. मॅनेजर म्हणजे जो रोज काम पुढे ढकलतो, कोणतं काम कोणाआधी हे ठरवतो, अडलं तर ओरडतो. टीम म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे. आणि चौथे, ज्यांच्या आयुष्यावर या कामाचा परिणाम होणार ते सगळे. आपल्या बाबतीत त्या मुली. त्यांना एकदा विचारलं असतं तर स्वच्छतागृह पहिल्या नकाशात आलं असतं. आपण काय करतो? सदर साहेबच स्पॉन्सर, तेच मॅनेजर आणि हिशेब तपासणारेही तेच. ते नसतील तर त्यांचा भाचा.

हे सगळं परकं वाटत असेल तर हिजरत आठवा. सन ६२२. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी चार महिने आधीपासून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. हजरत अली (रजि.) लोकांच्या अमानती परत करायला मक्केत थांबले. अब्दुल्लाह बिन अबी बक्र दिवसभर शहरातल्या बातम्या ऐकून रात्री गार-ए-सौरला पोचवायचे. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडे शिदोरी. आमिर बिन फुहैरा शेळ्या-मेंढ्या घेऊन यायचे, दूधही मिळायचं आणि पावलांच्या खुणाही पुसल्या जायच्या. आणि वाटाड्या? अब्दुल्लाह बिन उरैकित. तो तेव्हा मुसलमान नव्हता. पण वाट त्याला ठाऊक होती, आणि तीन रात्रींनंतर उंट घेऊन ये असं त्याला सांगून ठेवलं होतं. एकेका माणसाकडे एकेक काम, वेळ ठरलेली, आणि निवड लायकीवर. तिथे बाईलाही काम होतं आणि दुसऱ्या धर्माच्या जाणकारालाही. आपल्या कमिटीत दोघांना जागा नाही.

खंदकाची लढाई घ्या. सन ६२७. सल्ला हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा. सीरतच्या ग्रंथांत येतं की दहा-दहा जणांच्या गटाला चाळीस-चाळीस हात खोदाई वाटून दिली होती. प्रेषित (स.) स्वतः माती वाहत होते, तरी हिस्से वाटलेलेच होते. तवक्कुलमध्ये त्यांच्यापुढे कोण? तरीही ‘सगळे मिळून खोदा’ असं मोघम काम सोडलं नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे शूरा आहे, सगळ्यांच्या मशवऱ्याने काम होतं. बरोबर आहे. पण मशवरा निर्णयासाठी असतो. निर्णय झाल्यावर तो पार पाडणारा एक लागतो. तिघं जण प्रवासाला निघाले तरी त्यांनी एकाला अमीर करावं ही शिकवण आपलीच आहे. तीन माणसांच्या प्रवासाला अमीर हवा आणि लाखोंच्या इमारतीला नको?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘‘इथे सगळे फुकट राबतात. फुकट काम करणाऱ्याला जाब कसा विचारायचा?’’ राबणारे फुकट राबतात, पण पैसा फुकट आलेला नसतो. हातगाडीवाल्याने दिवसाच्या कमाईतून काढून दिलेले शंभर रुपये त्यात आहेत. ती अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागणं हा कुणाचा अपमान नव्हे.

काम वेळेवरच होईल असंही मी म्हणत नाही. कोकण रेल्वे पाहा. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे. पूर्ण मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. ठरल्यापेक्षा उशीरच झाला. पण तो कुठे झाला हे माहीत होतं. गोव्यात मार्गाचा वाद झाला, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती सारखी ढासळत होती. उशीर होणं वेगळं आणि उशीर का झाला हे कुणालाच सांगता न येणं वेगळं. आपला उशीर दुसऱ्या जातीचा आहे.

आता माझा हिशेब. त्या बारा जणांत मीही होतो. बी.एड.ला असताना आमच्याकडून एका तासिकेसाठी पाठ टाचण लिहून घेत. उद्दिष्ट काय, साहित्य काय, किती मिनिटांत काय, शेवटी मूल्यमापन कसं. आजही मी वर्गात टाचण नसताना गेलो तर मलाच कसंतरी होतं. आणि मुलींच्या इमारतीच्या मीटिंगमध्ये मी एक कोरा कागदसुद्धा मागितला नाही. दुआला आमीन म्हटलं आणि घरी आलो. माझीही नियत साफ होती.

म्हणून पुढच्या जुम्याला चंद्याचा पुकारा झाला की पैसे जरूर द्या, पण आधी मशिदीच्या नोटीस बोर्डावर एक कागद मागा. काय होणार, कधी होणार, किती लागणार, आणि एका माणसाचं नाव. बारा नव्हे, एक. दर महिन्याला त्याच कागदाखाली लिहा, किती झालं, किती खर्चलं, कुठे अडलं. जो हा कागद लावायला तयार नाही, त्याच्या हातात चंदा देऊ नका, मग तो कितीही नेक असो.

आमच्या अभ्यासिकेचा कागद गेल्या जुम्याला लागला. त्यावर पहिलं काम जिन्याचं आहे, आणि त्यापुढे नाव माझं आहे. मुदत रमजानच्या आधीची. नाही झालं तर जाब मलाच विचारा.