इन्सुलिन : दर जुम्म्याला जागा बदला

घरात अम्मी किंवा अब्बा इन्सुलिन घेत असतील, तर त्यांच्या पोटावर एकदा हात फिरवून पाहा. बेंबीजवळ रबरासारखी गाठ लागते का? एकाच जागी वर्षानुवर्षे सुई टोचल्याने तिथली चरबी फुगते. तिथे दुखतही कमी, म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. पण गाठीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. डोस तोच, पथ्य तेच, तरी साखर कधी ३००, तर कधी अचानक ६०. दोष मात्र बिर्याणीला!

बेंबीभोवती दोन इंच सोडून पोटाचे चार भाग माना. एका आठवड्याला एक भाग. जुम्म्याची आंघोळ करताना साबणाच्या हाताने चाचपून घ्या आणि पुढच्या भागावर जा. दोन टोचण्यांत एका बोटाच्या रुंदीचे अंतर हवे. मांडीही चालते, पण तिथून साधे इन्सुलिन पोटापेक्षा सावकाश उतरते.

गाठ सापडली तर डॉक्टरांना दाखवा, मगच जागा बदला. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते. डोस कमी करावा लागेल. रोजे धरणाऱ्यांनी ही तपासणी रमजानच्या महिना-दोन महिने आधीच उरकावी.