साल नसलेले सालदार

खानदेशात आखाजीच्या सुमारास सालदारांची साले ठरत. जुने साल संपे, हिशेब होई आणि पटले तर त्याच घरी, नाहीतर दुसऱ्या घरी नवे साल सुरू होई. सालदारी ही गौरवाने सांगावी अशी व्यवस्था नव्हे; उचल घेऊन अडकलेली कुटुंबे वर्षानुवर्षे सुटत नसत. तरीही पावसाने काम थांबले तरी सालदाराचे साल चालू राही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या अध्यापकाला एवढीही हमी नाही. आखाजीला तर त्याची मिळकत शून्य असते, कारण तेव्हा तास नसतात.

ही व्यवस्था वरवर साधी आहे. रिकाम्या पदावर पूर्णवेळ माणूस नेमायचा नाही. त्या पदाचा कार्यभार तासांत मोडून एकेकाला आठवड्याला साधारण नऊ तास द्यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तासांचे. म्हणजे एका जागेवर दोघे बसतात, आणि दोघांची मिळकत एकत्र केली तरी ती एका नियमित वेतनाच्या पासंगाला पुरत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने पदवी वर्गाच्या तासाला ५०० रुपये ठरवले. एकही सुट्टी आली नाही, तर महिन्याचे १८,०००! दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, आयोगाने अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर दिला. राज्याचा दर पुढे ९०० पर्यंत चढला. पण गणपती, दिवाळी, परीक्षा, उन्हाळा यांचे पैसे कापण्याची रीत तीच राहिली. या सगळ्याला ‘तत्त्व’ म्हणण्याचे धाडस फक्त शासकीय मराठीच करू जाणे.

मराठीच्या अध्यापकाचे खरे काम तासाच्या बाहेर घडते. वर्गात कविता शिकवून होते. पण अहिराणी बोलत वाढलेला, प्रमाण मराठीत तोंड उघडायला बुजणारा मुलगा तास संपल्यावर व्हरांड्यात येऊन काही विचारतो, तेव्हा वाङ्मयाचे शिक्षण सुरू होते. त्या वेळी तासिकेवरच्या अध्यापकाला पारोळ्याची बस पकडायची असते, कारण दुसऱ्या महाविद्यालयातले उरलेले तास तिकडे असतात. अंतर्गत गुण, युवारंगची तयारी, नॅकच्या फायली ही कामे मात्र त्याच्याकडून बिनपैशाने होतात. नाही म्हणावे, तर जूनचा आदेश कुणाच्या हातात आहे हे त्याला ठाऊक असते.

यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’पर्यंत चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरवला. संस्थाचालकांचे राजकारण त्याने पुरेपूर भोगले. पण वैतागून राजीनामा देण्याची सोय चांगदेवाला होती. आजच्या तासिकाधारकाकडे सोडण्यासारखे काही नाही. आदेश आला नाही की त्याने समजून घ्यायचे.

विद्यार्थीच नाहीत, मराठीला कोण येते, असे यावर ऐकवले जाते. विद्यार्थी नसते तर तास मंजूर झाले नसते. काम आहे, पद आहे. भरायचे नाही इतकेच. मे २०१७ मध्ये भरती थांबली, नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त पदांपैकी ४० टक्के खुली झाली, २०२० मध्ये करोनाचे निमित्त झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये २,०८८ पदांना मान्यता मिळाली. या उघडझाकीत पंचविशीत सेट झालेला माणूस चाळिशीला पोहोचला. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी नसावे, असे स्पष्ट लिहिले आहे. ‘कंत्राटी’ऐवजी ‘तासिका’ हा शब्द वापरला, की ते कलम लागूच होत नाही असा समज दिसतो.

पदे भरली जाईपर्यंत निदान बारा महिन्यांचा आदेश, दरमहा वेतन आणि या वर्षांची अनुभवात नोंद, एवढे तरी व्हावे. २०१३ मध्ये आम्हा कायम प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतनाच्या थकबाकीसारख्या मागण्यांसाठी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला होता. राज्यभर त्याची दखल घेतली गेली. तेवढी ताकद अजून संघटनेत असेल, तर पुढच्या निवेदनात या तीन मागण्या पहिल्या पानावर असाव्यात.