रानवेलीचें देणें

बर्फाळ देशांतील द्राक्षांशीं आमच्या बागाईतदारांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. परंतु अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांताच्या ‘फ्राँतेनाक’ ह्या तांबड्या द्राक्षाचा वृत्तांत आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावा असाच आहे.

त्या प्रांतीं हिंवाळ्यांत पारा कधीं कधीं शून्याखालीं ३० अंशांच्याही खालीं उतरतो. युरोपांतील नामांकित वेली तेथें मातींत पुरून ठेवाव्या लागतात. तेथील विद्यापीठानें १९७८ सालीं जॉर्डन गांवाजवळच्या एका रानवेलीचा ‘लांदो ४५११’ ह्या फ्रेंच संकरित जातीशीं संयोग घडविला. १९८३ सालीं त्यांतून एक रोप निवडलें, आणि १९९६ सालीं ती जात शेतकऱ्यांच्या हातीं दिली. म्हणजे १८ वर्षें लागलीं. ही वेल उघड्यावर कडाका सोसते व केवडा रोगास सहसा बळी पडत नाहीं. मात्र रानवेलीनें काटकपणाबरोबर आंबटपणाही दिला. फळांत साखरही पुष्कळ असल्यानें तेथील लोकांनीं त्याची पोर्ट धर्तीची गोड वाइन काढून त्या दोषाचाही उपयोग करून घेतला.

हें वाचून कोणी तीं रोपें मागविण्याच्या भरीस पडेल, तर द्रव्य व्यर्थ जाईल. ती वेल हिंवाळाभर निजणारी. आमच्याकडे चैत्रांत खरड छाटणी व आश्विनांत गोडी छाटणी. आमचा वैरी बर्फ नसून अवकाळी पाऊस, केवडा आणि भुरी हे आहेत. तेव्हां घ्यावयाची ती त्यांची रीत, रोप नव्हे.

संकर म्हणजे भेसळ, असें मानणाऱ्यांनीं आपल्या बागेचीं मुळें पाहावींत. ज्या डॉगरिज खुंटावर आमचीं कलमें उभीं आहेत, तो टेक्ससच्या रानवेलींच्या वंशांतलाच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें अमेरिकन ‘कटावबा’ व ‘ब्यूटी सीडलेस’ ह्यांच्या संकरांतून एआरआय-५१६ ही जात सिद्ध केली आहे. ती बुरशीच्या रोगांस चांगली तोंड देते. रसास व तांबड्या वाइनसही ती उपयोगी आहे. फळांत बी असतें एवढ्यावरून तिला नापसंत करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमची सभासदांस सूचना अशी कीं, ज्यांस शक्य असेल त्यांनीं अशा जातीस बागेंतील एक ओळ द्यावी, व छाटणी, फवारणी, खर्च आणि उत्पन्न ह्यांचा सालवार हिशेब ठेवावा. एका हंगामावरून निकाल देऊं नये. संशोधकांस १८ वर्षें धीर धरावा लागतो. आपण निदान चार वर्षें तरी धरावा.